बुधवारची पाठवणी

बुधवारचे तिकीट मी हॅम्बुर्गमध्ये बसून काढले, आणि काढताना वाराकडे माझे लक्षही गेले नाही. अकरा वर्षे झाली, माझ्या आठवड्याला वार नाहीत; नुसत्या तारखा आहेत. कागद गिरण्यांची यंत्रे सुरू करून देणे हे माझे काम. एका देशातली गिरणी चालू लागली की दुसऱ्या देशातल्या थंड पडलेल्या यंत्राकडे निघायचे. वापीचे काम आटोपले होते, व्हिएतनामचे शुक्रवारी सुरू व्हायचे होते. मधले चार दिवस माझे होते. ते बऱ्हाणपूरला, तृप्तीच्या घरी, काहीही न करता घालवायचे असे मी ठरवले. पासपोर्ट आता जर्मन आहे. म्हणजे कागदोपत्री ही परदेशातल्या मैत्रिणीकडची सुट्टीच.

माझे वडील नेपानगरच्या कागद मिलमध्ये होते. कॉलेजची तीन वर्षे मी रोज रेल्वेने बऱ्हाणपूरला येई आणि परीक्षेच्या दिवसांत तिथल्या राजपुरा मोहल्ल्यात तृप्तीकडेच मुक्काम करी. आईवडील गेले, कॉलनीतले क्वार्टर दुसऱ्या कोणाचे झाले. या गावात पाय ठेवायला मला एवढा एकच उंबरा उरला होता.

शनिवारी तृप्तीचा धाकटा भाऊ ललित स्टेशनवर घ्यायला आला. जेवताना त्यानेच विचारले, "दीदी, वापसी कब की है?"

"बुधवारी सकाळी. रात्री मुंबईहून विमान."

बोलून गेल्यावर मला वार ऐकू आला. वाढणाऱ्या सोजरमावशीचा हात आमटीच्या भांड्यावर क्षणभर थांबला. तृप्तीची ही आई. कॉलेजात असताना हिनेच एका बुधवारी मला नेपानगरला जाऊ दिले नव्हते, वीस मिनिटांच्या वाटेला! माझी पिशवी धान्याच्या कोठीत कोंडून तिने बजावले होते, "जाशील बुधी, तर येशील कधी? लेकीले बुधवारी घरातून धाडत नाई." मी दिवसभर रुसून बसले होते. हा नियम फक्त लेकींसाठी असतो. पाहुण्याला सगळे वार मोकळे.

मावशीने आमटी वाढली. म्हणाली, "बुधवारी? बरं."

तेवढेच. आणि त्या एका 'बरं'ने माझ्या सुट्टीला बारीकशी चीर गेली.

दिवस तसे सुंदर होते. जानेवारीचे ऊन गल्लीत उशिरा उतरे आणि मांजरासारखे भिंतीला अंग घासत पुढे सरके. आम्ही शनवाऱ्याच्या वेशीपर्यंत रमतगमत जात असू. घराघरांतून यंत्रमागांची खटखट ऐकू येई, जणू सारा मोहल्ला एकाच श्वासावर जगत होता. तृप्ती ती शिकवते त्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेच्या नकला करी. मी दोन वाजता झोपे आणि पाच वाजता उठे. अकरा वर्षांत मी असे झोपले नव्हते.

पण घरात माझ्यासाठी बाटलीबंद पाणी होते. भाजीत मिरची कमी होती. ताट उचलायला गेले की मावशी ते हातातून घेई. यंत्राजवळ उभी राहिले की धातूची कांडी कानाला लावून मी आतला बिघाड ऐकते. या घरात मला आवाज ओळखीचे वाटत होते, आणि तरी कुठेतरी काहीतरी सैल झाले होते.

रविवारी मी सहज म्हटल्यासारखे म्हटले, "परवाच्या दुसऱ्या दिवशी बुधवार ना?"

"हो गं," तृप्ती म्हणाली. "कॅलेंडर आहे आमच्याकडे पण."

सोमवारी पुन्हा म्हटले. मावशी तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. ललित म्हणाला, "टेन्शन नको दीदी, मी सोडतो ना स्टेशनला. साडेसातला निघू, आराम से."

त्या सगळ्यांच्या समजूतदारपणाचा मला राग येऊ लागला. अडवले असते तर मी काय केले असते, हे मलाही ठाऊक नव्हते. पण न अडवणे म्हणजे काय, ते मला नेमके ठाऊक होते. पाहुणी आली होती. पाहुणी जाणार होती.

मंगळवारी आम्ही शाहपूरला त्यांच्या मळ्यात गेलो. केळीच्या बागेत हिरव्या सावलीचा ओलसर गारवा होता. टेकूंना रेललेले घड जमिनीकडे झुकून काही विचार करत असल्यासारखे दिसत. ललित नि तृप्ती बाग पाहायला आत गेली. मावशीने मोकळ्या जागी कपाशीच्या वाळक्या पळाट्या पेटवल्या आणि भरितासाठी हिरवी वांगी जाळात मांडली. मी तिच्याजवळ उकिडवी बसले.

"सरक थोडी, धूर लागंन तुले," ती म्हणाली.

"लागू द्या." माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. "मावशी, उद्या बुधवार आहे."

"माईत हाय मले."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत."

तिने वांगे उलटे केले. साल तडकली.

"काय बोलू? तुझं काम मोठं, तिकीट मोठं. मी अडवलं असतं आन् तू तरी गेली असती, तं मंग मले काय राह्यलं असतं? तू कालेजात होती तवापासून मनात म्हनते, का ही आपली पोरगी हाय. ते इचारून पाह्यची हिंमत झाली नाई. म्हनून गप बसली."

चार दिवस मी तिच्या मौनाला कान लावून बिघाड शोधत होते. तिथे माझ्याइतकेच घाबरलेले कोणीतरी बसले होते.

"मावशी," मी म्हटले, "विचारून तर पाहा."

तिने पदराने डोळे पुसले; धूर होताच. मग जुन्या, कडक आवाजात म्हणाली, "उद्या जायचं नाई. गुरुवारी जाय, शुक्रवारी जाय. बुधवारी माझ्या घरातून लेक जात नाई."

तेवढ्यात ती दोघे परत आली. ललितला प्रकार कळताच त्याने तोड काढली, "अगं आई, सोपं आहे. बॅग आजच शेजारच्यांकडे नेऊन ठेवू. बॅग गई, तो समझो दीदी भी आजच निघाली."

"पेटीले माहेर असते काय रे?" मावशी गरजली. "मोठा आला पंडित!"

तृप्ती हसत खाली बसली. "चार दिवस मी जीभ चावत होते," ती मला म्हणाली. "आईनं शपथ घातली होती, एक अक्षर बोलायचं नाही. आणि तू रोज उठून बुधवार, बुधवार! वाटलं, तुला जायची भारीच घाई झाली आहे."

मी उठून बांधापाशी गेले आणि माझ्या कामातल्या जोडीदाराला, येन्सला, फोन लावला. अकरा वर्षांत एकही तारीख मी पुढे ढकललेली नव्हती. मी म्हटले, मी शनिवारी पोहोचेन. शुक्रवारची तपासणी तुला एकट्याने करावी लागेल.

"कोणी आजारी आहे का?" त्याने विचारले.

"नाही."

"मग?"

"घरचे निघू देत नाहीत."

तो म्हणाला, "तुझे घर तिथे आहे, हे कधी सांगितले नाहीस." आणि पुढे, "ठीक आहे. पण शनिवारी नक्की. पहिल्या दिवशीचा कागद फाटला तर दोष तुझा."

"माझाच," मी म्हटले.

परतले तेव्हा ललितने मोबाईलवर गुरुवार सकाळची गाडी आणि रात्रीचे विमान मिळवले होते आणि तो तिखट भरिताने सुं-सुं करत होता. माझ्या ताटातही तेच होते. डोळ्यांत पाणी आले; कोणी तिखट लागले का विचारले नाही, कोणी बाटली पुढे केली नाही.

बुधवारी गाडी सुटायची वेळ झोपेतच टळून गेली. नऊ वाजता दार ढकलून मावशी आत आली.

"ऊन डोक्यावर आलं, आन् महाराणी लोळू राह्यली! जर्मनीत असंच शिकवते काय? ऊठ!"

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले आणि आतूनच म्हणाले, "पाच मिनिटं, मावशी."