शिवलेल्या नोटा

टेलरमावशीने उभ्या आयुष्यात कुठलीच वस्तू पहिल्या भावाला घेतली नव्हती. दोऱ्याचं रीळ असो की शिलाई मशीन, दुकानदार रडकुंडीला आल्याशिवाय तिच्या हातून पैसा सुटायचा नाही. आता परक्या देशात, लेक पोटातल्या गाठीने हॉस्पिटलात तळमळत असताना, ही बाई डॉलर बदलायला निघाली आणि तिथेही तिची खोड गेली नाही. पहिल्या काउंटरचा भाव चांगला होता. पण नाही, बाईसाहेब म्हणाल्या, पुढे बघू तरी.

काय म्हणावं या स्वभावाला! चार वाजता हॉस्पिटलची पैसे भरायची खिडकी बंद होणार होती. आज पैसे भरले तर संध्याकाळी ऑपरेशन, नाहीतर तो डॉक्टर आठवडाभर गावाला निघाला होता. गाठ आठवडाभर दम धरेल असं कुणीच सांगत नव्हतं. जावयाने केव्हाच हात वर केले होते. मावशीने दुकान मशीनसकट विकलं, त्याचे डॉलर घेतले आणि तडक विमानात बसली.

चौकापलीकडच्या काउंटरवर भाव किंचित जास्त निघाला. मावशी खूश झाली. कोपऱ्यात पाठमोरी उभी राहून तिने जॅकेटचं अस्तर उसवलं आणि नोटा काचेखालून सरकवल्या. आतल्या माणसाने एक नोट उजेडासमोर धरली. नोटेतून बारीक बारीक उजेड आला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुईची भोकं.

त्याचं असं झालं होतं, की प्रवासात नोटा सरकू नयेत, हात लागला तर कागद वाजू नये, म्हणून विकलेली मशीन न्यायला माणूस येण्याआधी मावशीने अस्तरात नोटा मांडून वरून सरळ मशीन चालवली होती. तीही बारीक टाक्याने. इतकं सफाईदार काम तिने नवरीच्या ब्लाउजचंही केलं नसेल. तेव्हा स्वतःवरच खूश होऊन तिने जॅकेट दोनदा उलटसुलट करून पाहिलं होतं.

माणसाने नोटा परत सरकवल्या. मावशीला वाटलं, गडी भाव पाडतोय. तिने कॅल्क्युलेटर ओढून थोडा कमी आकडा दाखवला. त्याने मान हलवली. तिने अजून खाली आणला. त्याने एका भोकावर बोट ठेवलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.

ती धावतपळत पहिल्या काउंटरवर आली. आता देतील तो भाव घ्यायची तयारी होती, पण तिथल्या बाईनेही नोट उजेडाला धरली आणि परत केली. तिसऱ्या काउंटरवर तेच, चौथ्यावर तेच. फुटपाथवर बसून मावशी एकेक नोट मांडीवर घेऊन नखाने घासू लागली. चुकीची शिवण उसवली की ती कापडाची भोकं अशीच बुजवायची. कापडाचे धागे सरकून जवळ येतात. कागदाचं तसं नसतं. एक नोट टर्रकन फाटली, तेव्हा ती थांबली आणि रस्त्यातच रडली.

शेवटी एका मोबाइलच्या दुकानात पैसे बदलतात असं कळलं. दुकानदाराने नोटा पाहिल्या, तो फोनमध्ये त्याच्या भाषेत काहीतरी बोलला आणि फोन मराठीत म्हणाला, "खराब नोटा. अर्धा भाव."

अर्ध्या भावात मावशीचं दुकान गेलं, मशीन गेली, आणि वर हॉस्पिटलचं डिपॉझिटही पुरं होत नव्हतं. तिने फोन हातात घेतला. "दादा, माझी पोर मरेल रे," ती म्हणाली.

फोनने ते त्याला ऐकवलं. त्याने आकडा जरासा वाढवला. एरवी मावशीने इथून खरी सुरुवात केली असती. आज तिने निमूटपणे सगळ्या नोटा पुढे केल्या, फाटलेलीसुद्धा.

हॉस्पिटलच्या खिडकीवर पैसे कमी पडले. कारकुनाने मोठ्या साहेबाला विचारलं, साहेबाने मावशीकडे पाहिलं, आणि शेवटी बाकीची रक्कम येईपर्यंत पासपोर्ट ठेवून घ्यायचं ठरलं. बाकीची रक्कम कुठून येणार हे देवालाच ठाऊक. मावशीने पासपोर्ट काढून दिला. पावती मागून घ्यायचंही तिला सुचलं नाही, कारकुनानेच हाक मारून दिली.

वर लेकीला ऑपरेशनसाठी तयार करून ठेवलं होतं. तोंड सुकलेलं, हाताला सुई.

"भरलेस सगळे?" लेकीने विचारलं.

"भरले."

"तुझ्या तिकिटापुरते उरले ना गं?"

"उरले की. पुष्कळ उरले."

वॉर्डबॉयने ट्रॉली ढकलायला घेतली. लेकीने आईचा हात सोडला नाही, म्हणून मावशीही बाजूने चालू लागली.

"मग माझ्यासाठी इथे अडकून पडू नकोस," लेक म्हणाली. "मी उठले की तू लगेच घरी जा."

"तू ऊठ तर आधी," मावशी म्हणाली.