तेरा महिन्यांचं वर्ष

सुनंदानं टाइपरायटरमध्ये कोरा कागद सरकवला आणि झोळीकडे पाहिलं. झोळी रिकामी होती. भिकुबाईंनी मुलीला कधी मांडीवर घेतलं, तिला कळलंही नव्हतं.

"तू लिख, माय. मी देखस हिले."

बाळंतपणानंतर पारोळ्याच्या कचेरीसमोरचं तिचं टेबल घराच्या ओट्यावर आलं होतं. मुलगी निजेल तेवढा वेळ अर्ज. आजचा अर्ज दिल्लीला, मानवी हक्क आयोगाकडे जायचा होता. भिकुबाईंच्या मुलाला, झुलालला, पंपचोरीच्या संशयावरून चौकीत दोन दिवस मारलं होतं. पंप पुढे मालकाच्या साडूच्याच मळ्यात सापडला. झुलालचा उजवा हात मात्र अजून खांद्याच्या वर जात नव्हता. हात बरा होईल म्हणून तो थांबला. आईनं अर्ज करायला होकार दिला तो परवा.

वकिलांनी दिलेल्या कागदावरच्या अटी सुनंदा वाचत गेली. अर्ज निनावी नको. प्रकरण कोर्टात चालू नको. दोन्ही ठीक होतं. घटनेला वर्ष उलटलेलं नको.

"कधी नेलं होतं, आक्का?"

"आखाजीले. पोरी झोकावर व्हत्यात, नि याले धरी लई ग्यात." भिकुबाईंनी मुलीचं टोपडं सारखं केलं. "औंदानी आखाजीले आजून आठ दिन शेतस. वरीस सरनं नही. मी मोजेल शे."

गेल्या वर्षीचं कॅलेंडर सुनंदानं जपून ठेवलं होतं. त्यावर मुलीच्या जन्माची वेळ लिहिलेली होती. तिनं पानं उलटली. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, वीस एप्रिलला होती. आज दोन मे.

"आक्का, वर्ष होऊन बारा दिवस झाले."

"कसं व्हई? मधमा धोंडाना महिना व्हता ना. जावाईले वान दिन्हं मी."

"दिल्लीवाले धोंडा धरत नाहीत."

"त्यासले जावाई नहीत का?"

सुनंदाला हसू आलं आणि तिथंच विरलं. तिनं आवाज खाली आणला.

"मी नेल्याची तारीख आठ मे टाकते. तिथं कोण बघतंय?"

मांडी हलायची थांबली. मुलगी कुरकुरली, तरी भिकुबाईंचं लक्ष गेलं नाही.

"पंप मीच लयना, इतलंच म्हन, सोडी देतस, आसं सांगेत त्याले. दोन दिन. त्यानी म्हनं नही." त्यांनी पदरानं मुलीची लाळ पुसली. "तव्हय एक खोटं म्हनता ते हात वाचता त्याना. आते मी म्हनू?"

सुनंदा टाइपरायटरकडे वळली. तिनं 'वीस एप्रिल' टाइप केलं. खाली नवी ओळ घेतली, 'उशिराचं कारण', आणि बराच वेळ बोटं कळांवर नुसती ठेवली.

मग लिहिलं : 'अर्जदार आखाजी ते आखाजी वर्ष मोजते. गेलं वर्ष आमच्याकडे तेरा महिन्यांचं होतं. अर्जदाराने तारीख बदलण्यास नकार दिला आहे.'

शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. ते कोणत्याच अटीत बसत नव्हतं. तिनं ते राहू दिलं.

"अंगठा, आक्का."

"थांब, माय," भिकुबाई कुजबुजल्या. "नीज लागी ऱ्हायनी हिले."

शाईचा पॅड उघडून सुनंदा त्यांच्याजवळ खाली बसली.