सोनाबाईचं पुडकं

चैत्रात आलेल्या काशिरामच्या पत्राला वैशाख उजाडला तरी दाजी कर्णिकांनी उत्तर लिहिलं नव्हतं. काशिराम त्यांचा जुना मित्र, उरणला मिठागराच्या कचेरीत मोठा कारकून. पनवेलच्या एस. टी. स्टँडावर जेवणाची पुडकी विकणारी सोनाबाई त्याला भेटली होती. कचेरीतल्या माणसांचं जेवण रोज सकाळच्या गाडीने धाडते म्हणाली होती. काशिरामने लिहिलं होतं, 'तू तिच्याकडचं जेवतोस. दुपारपर्यंत ते चांगलं राहतं का? तू हो म्हणालास तर ठरवून टाकतो.'

दाजींचा जन्म वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलेला. कुठलं पुस्तक चांगलं, असं कुणी विचारलं तरी त्यांना घाम फुटे. इथे तर पंधरावीस पोटांचा प्रश्न. हो म्हणावं आणि कुणाचं पोट बिघडलं म्हणजे? नाही म्हणावं, तर स्टँडासमोर नवं हॉटेल झाल्यापासून सोनाबाईची निम्मी पुडकी उरत होती. आणखी एक पावसाळा काही तिचं दुकान तग धरणार नव्हतं.

शेवटी त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. सकाळीच एक पुडकं आणून टेबलावर ठेवलं. आत तांदळाची भाकरी, वालाचं कोरडं बिरडं, जवळ्याची चटणी. पण राहवेना. सोडलं, हुंगलं, बांधलं. पुन्हा सोडलं, बोटाने चाचपलं. दुपारी जेवायला बसले तेव्हा भाकरी वातड झाली होती आणि बिरड्याला आंबूस वास येत होता.

दाजी हिरमुसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भीतभीत सोनाबाईला सगळं सांगून टाकलं, पत्रासकट. ती रागावली नाही. पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"दाजी, माणूस निजलाय का नाय, ह्ये बगायला त्याला घडीघडी उठवतात का?"

मग तिने त्यांना चुलीपाशी नेलं. बिरडं परातीत पसरलेलं होतं. वाफ पुरती गेल्याशिवाय ती ते बांधत नसे. वैशाखात ओलं खोबरं बंद, कोकम मात्र चढं. केळीचं पान निखाऱ्यावरून फिरवून तिने मऊ केलं, भाकरी एका पानात, बिरडं दुसऱ्यात, आणि घडी घातली. दाजी बघतच राहिले. इतकी वर्षं पुस्तकांना कव्हरं घालूनही त्यांच्या हातून एक कोपरा कधी असा बसला नव्हता.

"ह्ये न्या. पर जेवायच्या आदी हात लावायचा नाय."

त्या दिवशी दाजी पुडक्याकडे पाठ करून बसले. पुस्तक उघडलं, पण वाचलं काहीच नाही. उरणची जेवणाची वेळ टळली, उन्हं कलली, तेव्हा त्यांनी दोरी सोडली. पानाचा भाजका वास आला. भाकरी मऊसूत, बिरडं सकाळच्यासारखं. पानाला लागलेली चटणीदेखील त्यांनी निपटून खाल्ली. मग पोट काय म्हणतं याची वाट पाहिली. ते काही म्हणालं नाही.

सकाळी त्यांनी कार्ड लिहिलं. 'माझ्या मते जेवण चांगलं राहतं. मात्र वेळेआधी पुडकं कुणी सोडू नये.' मग 'माझ्या मते' एवढं खोडलं आणि स्टँडावरच्या पेटीत कार्ड टाकलं.