गोदाच्या मुठीतले तेल

मित्रांनो, मी एक जुने वाफेचे इंजिन आहे. कल्याणच्या खाडीकाठी, भाताच्या गिरणीमागे गंजत पडले आहे. माझ्या चाकाला तडा आहे आणि अंगावर घणाचे घाव आहेत. ते घाव माणसांनी घातले. का घातले, ते ऐका.

माझा जन्म विलायतेचा. जहाजातून मी मुंबईस आले आणि तिथल्या एका कापडगिरणीत माझे तरुणपण गेले. तेव्हा मला पातळ तेल चालत असे, कारण माझा लोखंडी आस ज्या पितळी वाट्यांत फिरतो, त्या वाट्या त्याला अगदी घट्ट बसलेल्या होत्या. पुढे पितळ झिजले, मध्ये फट पडली, मी खडखडू लागले. मुंबईच्या मालकाने मला काढून टाकले. कल्याणच्या श्रीपादशेटांनी भात भरडण्यासाठी मला आगगाडीने इथे आणले.

इथे मला मधु मेस्त्री भेटला. त्याने माझ्या आसाशी कान नेला आणि पातळ तेलाचा डबा पायाने दूर सारला.

"म्हातारं झालंय हे, शेट. पातळ तेल फटीतून पळून जातंय. याला दाट एरंडेल पाहिजे."

एरंडेल माझ्या झिजल्या पितळेला धरून राहिले आणि खडखड थांबली. आंबिवली-खडवलीकडून भाताच्या बैलगाड्या येऊ लागल्या. दसऱ्याला माझ्यापुढे नारळ फुटू लागले. मला वाटे, म्हातारपण असे असेल तर तरुणपण कोणाला हवे?

पण एरंडेलाचा थेंब तापल्या लोखंडावर पडला की जळका, उग्र वास सुटे. एकदा गोदा नावाची आंबिवलीची शेतकरीण नाकाला पदर लावून म्हणाली, "काय र मेस्त्री, हितं बोकड भाजतोस का काय?"

"एरंडेल आहे, गोदावहिनी. पाजू का चमचाभर? पोट साफ होईल!"

सगळे गाडीवान हसले. गोदा हसली नाही. तो वास तिच्या मनात घर करून बसला. गावोगाव बोलणे पसरले की गिरणीत जनावराची चरबी घालतात आणि तोच तांदूळ आपण देवापुढे ठेवतो.

मग एके दिवशी दगड आले. कौले फुटली. बंबात लाकडे घालणाऱ्या काळुरामचे कपाळ फुटून रक्त त्याच्या डोळ्यांत उतरले. "आमचा भात बाटवला! तोडा ह्याला!" असे ओरडत माणसे आत घुसली. श्रीपादशेट हात जोडून आडवे झाले. "आजपासून खोबरेलच घालू. देवाच्या दिव्याला चालतं, ते तर चालेल ना?"

"शेट, ते पातळ पडेल. हे इंजिन जुनं आहे," मधु म्हणाला.

कोणीतरी त्याच्या छातीला दांडके लावले. "मंग तुला चरबीच पायजे!"

मधु मागे सरला. माझा तेलाचा डबा आसापासून दूर, एका लाकडी खांबावर होता. तिथून बारीक नळीने तेल खाली येई. त्या डब्यात सगळ्यांसमोर खोबरेल भरले. चोरून कोणी काही मिसळू नये म्हणून गोदाने झाकणाला हळदीचा दोरा बांधला आणि गाठ मारली. तिच्याखेरीज तो कोणी सोडायचा नाही, असे ठरले. त्या पातळ तेलावर मी पुन्हा खडखडत चालू लागले.

पौषातल्या एका सकाळी फार गारठा पडला. घरोघरी खोबरेलाच्या बाटल्या उन्हात ठेवाव्या लागतात, तसा गारठा. मधूला झाकण उघडून पाहायचे होते, पण दोऱ्याला हात लावण्याची सोय नव्हती आणि गोदा अजून मागच्या गाडीतून यायची होती. बाहेर गाड्यांची रांग लागली होती. गोदाचा नवरा आनंदा पोती आत आणत ओरडला, "चालू कर ना बाबा, बैल गारठलं!"

मधूने वाफ सोडली.

मित्रांनो, माझ्या आसाला एक थेंबही मिळाला नाही. लोखंडाने पितळेला चावे घेतले. धूर निघाला, किंकाळीसारखा आवाज उठला आणि आस जागीच आवळला. मागून वाफेचा रेटा चालूच होता. माझे चाक फिरवणारा लोखंडी दांडा मोडला, तुकडा भिंत फोडून उडाला आणि जाता जाता आनंदाच्या मांडीचे हाड मोडून गेला.

गोदा धावत आली. नवरा रक्तात पडलेला पाहून ती खांबाकडे वळली. तिने तो दोरा ओरबाडून काढला आणि झाकण उघडले. आत पांढराशुभ्र गोळा होता.

"चरबी!" तिने तो मुठीत धरून वर केला. "बगा र, चरबी!"

मग जे झाले, ते मला सांगवत नाही, पण सांगितले पाहिजे. दांडकी मधूच्या पाठीवर, डोक्यावर पडली. त्याने तोंडावर धरलेला उजवा हात त्यांनी कोपरात मोडला. दुसऱ्यांनी घण उचलून माझे चाक फोडायला घेतले. "जीव घ्या त्याचा!" गोदा ओरडत होती आणि तिची मूठ वरच होती.

त्या मुठीतून काहीतरी ओघळले. मनगटावरून, बांगड्यांखालून कोपरापर्यंत आले. गोदाने मूठ उघडली. पांढरा गोळा विरघळला होता. तळहातावर स्वच्छ तेल होते आणि त्याला तिच्या स्वतःच्या केसांचाच वास येत होता.

तिने जमिनीवरचा दोरा पाहिला. गाठ तिचीच होती, न सुटलेली.

"थांबा! खोबरेल हाय, थिजलेलं खोबरेल!" तिचे कोणी ऐकेना. शेवटी ती मधूच्या अंगावर आडवी पडली. एक दांडके तिच्या पाठीवर बसले, तेव्हा हात थांबले.

मधु वाचला. आनंदाही लंगडत का होईना, चालू लागला. माझी डागडुजी झाली. पुढे वर्षानुवर्षे मधूने डाव्या हाताने मला एरंडेल घातले, कारण उजवा पुन्हा सरळ झाला नाही. गोदा भात घेऊन येई तेव्हा तिच्या टोपलीत घरच्या एरंडेलाचे मडके असे. मधु ते घेई, पण तिच्याशी बोलत नसे. मग मधु गेला, नवे इंजिन आले आणि मला इथे टाकले.

मित्रांनो, जुन्या यंत्राला आपल्याला आवडणारे तेल घालू नका. त्याचे अंग किती झिजले आहे ते पाहा आणि त्याला सोसेल तेच घाला. आणि कोणी पांढरा गोळा वर धरून ओरडू लागला, तर दांडके उचलण्याआधी तो गोळा क्षणभर आपल्या हातात घ्या. हाताची ऊब लागू द्या. तो काय आहे, ते तोच सांगेल.