घेण्यास नकार

टाचणीच्या गंजाचा डाग झेरॉक्समध्येही उतरला होता. मूळ पाकिटावर तो तांबूस होता, इथे काळा झाला होता, वाटाण्याएवढा, वरच्या कोपऱ्यात – आणि पितांबर मघापासून त्या डागाकडेच बघत बसला होता, कारण नजर जरा खाली घसरली की त्या ओळी लागत होत्या, आणि त्या वाचायची आता गरज उरली नव्हती, त्या पाठ झाल्या होत्या. ‘मालक घरी नाही. पत्नी लिलाबाई यांनी घेण्यास नकार दिला. सबब परत.’ खाली तारीख – सत्तावीस फेब्रुवारी ऐंशी – आणि तोताराम पोस्टमनची सही, शेवटची रेघ पाकिटाच्या कडेपर्यंत ओढलेली. ती रेघ त्याने कुठेही ओळखली असती. लष्करातून तो घरी जी पत्रं धाडायचा ती लिलाबाईला वाचून दाखवणारा तोतारामच, आणि तिची उत्तरं लिहिणाराही तोच. नोकरीची सगळी वर्षं बायकोचं मन त्याला याच अक्षरातून कळत आलं होतं.

धुळ्याची एस.टी. जळगावच्या स्टँडवर लागलेली होती, ड्रायव्हर चहाला गेला होता. सकाळी याच स्टँडवर उतरताना तो कसा ऐटीत उतरला होता... तीन वर्षं जिल्हा सैनिक कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्यावर अखेर कार्ड आलं होतं की तुमची फाइल आली आहे, येऊन बघा. आता काय ते एकदाचं समोर येईल, असं तो स्वतःशी म्हणत होता. आलंच समोर.

त्याची मागणी तशी एका शब्दाची. डिस्चार्जच्या पुस्तकात वर्तणुकीच्या रकान्यात ‘असमाधानकारक’ अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द आहे, तो बदलून मिळावा. त्या शब्दापायी माजी सैनिकाचं ओळखपत्र नाही. दीपनगरला वीज केंद्रात पहारेकऱ्यांच्या जागा निघाल्या तेव्हा अर्ज खिडकीतूनच परत आला. आणि पंधरा ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांसाठी पुढे खुर्च्या मांडतात तेव्हा हा मागे निंबाखाली उभा. गावात त्याला फौजी म्हणतात, आणि म्हणताना कुणीकुणी गालातल्या गालात हसतं. खुर्चीचं एवढं काय घेऊन बसलात, असं तो लोकांना सांगायचा. पण खरं सांगायचं तर त्याला दीपनगरच्या जागेपेक्षा ती खुर्चीच हवी होती.

तसा मी काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो, तो मनाशी म्हणाला. लाल शाईच्या चार नोंदी झाल्या की माणसाला घरी पाठवतात, आणि त्यातल्या तीन माझ्याच. एकदा रजेवरून तीन दिवस उशिरा गेलो, एकदा पहाऱ्यावर पिऊन सापडलो, एकदा लंगरमध्ये, जेवणाच्या रांगेत, एका नाईकाची गचांडी धरली. कबूल. पण चौथी... रजा संपल्यावर एक्केचाळीस दिवस गैरहजर, आणि वर असं की कंपनीने पाठवलेलं पत्र जाणूनबुजून नाकारलं. तो साहेबांपुढे सावधानमध्ये उभा राहून सांगत होता की पत्र आलंच नाही, आलं असतं तर त्याच रात्री निघालो असतो. साहेबांनी एक पाकीट लांबूनच हलवून दाखवलं. त्याला वाटलं, हे यांनी इथेच तयार केलंय.

पत्र आलंच नाही. अकरा वर्षं तो हेच बोलत आला होता – जिनिंगच्या फाटकावर पहारा देताना हमालांशी, लग्नाकार्यात सोयऱ्यांशी, आणि घरी तर रोज, जेवताना. लिलाबाई समोर बसलेली असायची. ताटात भाकरी वाढायची, पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची, आणि तो म्हणायचा की सरकारने एका न आलेल्या पत्रापायी माझं वाटोळं केलं, आणि ती म्हणायची, जेवी ल्या.

गाडी सुटली. खिडकीच्या काचेचा खडखडाट सुरू झाला आणि त्याने झेरॉक्सची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली. बाकीचे कागद नेहमीच्या प्लास्टिकच्या पिशवीत होते. हा एकच त्याने वेगळा का ठेवला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

कार्यालयातले अभिमन नाना, निवृत्त सुभेदार, मनाचे चांगले. फाइल त्यांनीच त्याच्यासमोर उघडली होती. परत गेलेल्या त्या पाकिटातलं पत्रही तिथेच होतं, टाचणीने लावलेलं – पाच मार्चपर्यंत हजर झालास तर जादा दिवस रजेत धरू, मुलीच्या आजाराची तार मिळाली आहे. नानांनी ते वाचलं, पाकीट उलटंसुलटं केलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“पितांबर, हे तर तुझ्याच फायद्याचं निघालं की,” ते म्हणाले. “नाकारलं बायकोने. तुला पत्ता नाही. तिचं प्रतिज्ञापत्र कर – मी घेतलं नाही आणि नवऱ्याला सांगितलंही नाही, एवढं लिहायचं. खाली अंगठा. सोमवारी तिला घेऊन ये, पुढचं मी बघतो.”

तो हो म्हणाला होता. हो म्हणून वर त्याने झेरॉक्सही काढून घेतली.

बांभोरीचा पूल आला. खाली गिरणेच्या पात्रात पाण्याची एक बारीक धार होती, बाकी वाळू, आणि वाळूत बैलगाड्या. पुलावर आलं की तो नेहमी खाली बघायचा, आज त्याला तोतारामच दिसत होता. घरी आल्यावर त्याचा संशय साहेबांवरून हलला होता: लष्कर म्हणतं पत्र धाडलं, घरी तर आलं नाही, मग मधे कुणी खाल्लं? एकच माणूस उरत होता. डिस्चार्ज घेऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने तोतारामला चारचौघांत बेइमान म्हटलं. पोस्टाकडे लेखी तक्रार केली. चौकशीला साहेब आला, त्याला तोतारामने सांगितलं की टपाल मी गहाळ केलेलं नाही, बाकी मला आठवत नाही. आठवत नाही म्हणे. त्यानंतर त्याच्याकडून आमचं गाव काढून दुसरी गावं दिली, उन्हातान्हात सायकल मारत तो लांबच्या वाटेने जायचा, आणि समोरून मी दिसलो की उतरून तंबाखूला चुना लावत उभा राहायचा, मी पुढे जाईपर्यंत. मला वाटायचं, चोराच्या मनात चांदणं. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मातीला सगळं गाव गेलं, मी गेलो नाही. लिलाबाई गेली होती. येऊन तिने डोक्यावरून पाणी घेतलं आणि दिवसभर अन्नाला शिवली नाही, आणि मी तिला बोललो होतो – तुझा कोण लागत होता एवढा?

कोण लागत होता. एक शब्द बोलला असता तर तोताराम सुटला असता, आणि तो शब्द त्याने बोलू नये म्हणून ती त्याच्याजवळ कधी, कशी रडली असेल... की रडलीही नसेल, नुसती बघत राहिली असेल, आणि त्या माणसाला तेवढंच पुरलं असेल.

सत्तावीस फेब्रुवारी. तारीख कळल्यावर तो दिवस आख्खा वर आला. धाकटी लता जाऊन तेव्हा चौदा दिवस झाले होते. दीड वर्षाची पोर, गोवर आत गेला म्हणाले सगळे. रजा संपायच्या आदल्या दिवशी त्याने तार केली होती, दहा दिवस वाढवून द्या म्हणून. तारेला उत्तर नाही. सत्तावीसला सकाळी तो मुद्दाम एरंडोलला पोस्टात विचारायला गेला, आणि तिथल्या बाबूने सांगितलं की तुमच्या गावचं जे होतं ते घेऊन तोताराम कधीच निघाला. तो तसाच चालत परत आला. लिलाबाई उंबऱ्यात बसून लताचं दुपटं उसवत होती – जुन्या लुगड्याचे तुकडे होते ते, वेगळे करून घडी घालत होती.

त्याने विचारलं, तोताराम उना व्हता का?

“उना व्हता,” ती म्हणाली. “तुमनं काहीच नही व्हतं.”

दोरा दातांनी तोडला तिने. एवढंच. तिचा आवाज हलला नव्हता, हे त्याला आज आठवत होतं, नाहीतर त्याला तेव्हाच कळलं असतं... कळलं असतं का? त्याने तिच्याकडे बघितलं होतं का? त्याला दुपटं आठवत होतं, दोरा आठवत होता, तिचा चेहरा आठवत नव्हता.

पाळधी मागे पडलं. कपाशीच्या शेतांत बाया वेचणीला वाकलेल्या होत्या. आणि मग आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, जी त्याला मुळीच नको होती. रजिस्टर टपाल घ्यायचं नाही, हे तिला शिकवलं कुणी? मीच. बांधावरून चुलतभावाशी कज्जा चालू होता, त्याच्या वकिलाच्या नोटिसा यायच्या, आणि मी प्रत्येक रजेला बजावून जायचो – सहीचं टपाल आलं तर हात लावायचा नाही, घेतलं नाही म्हणजे आलंच नाही. तिने तेच केलं. पण तोतारामने तिला सांगितलं असणारच, वहिनी, हे नोटिशीचं नाही, लष्करचं आहे. लष्करचं आहे म्हटल्यावर ती किती वेळ थांबली असेल? पत्र हातात पडलं असतं तर तो त्याच संध्याकाळी ट्रंक उचलून निघाला असता, आणि हे तिला माहीत होतं. तीन खणांचं घर, पाच वर्षांचा मुलगा, आणि रिकामा झोका.

आणि ते दिवस – कागदावर गैरहजर म्हणून लिहिलेले एक्केचाळीस. पहाटे तो ट्रंक आवरायचा, दुपारी पुन्हा उघडायचा. तिच्यासोबत नाल्यावर जायचा, धुण्याचा पिळा एका टोकाने धरायचा, गाव हसलं तरी. बारा वर्षांच्या नोकरीत तेवढेच दिवस तो घरी नवऱ्यासारखा राहिला होता. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायची. मला ते दिवस आवडले होते. पोर गेलेली, नोकरी हातची चाललेली, आणि तरी मला ते दिवस आवडले होते, हे मी कधी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

एरंडोलच्या पुढे फाट्यावर उतरून तो गावाकडे चालू लागला तेव्हा ऊन उतरलं होतं. चालता चालता तो मनातल्या मनात तिला फैलावर घेत होता. कागद तिच्यापुढे टाकायचा. विचारायचं – अकरा वर्षं माझ्या तोंडाकडे बघत भाकरी वाढलीस कशी? मग सोमवारचं सांगायचं. मग त्याला तहसीलसमोरचा तो टायपिंगवाला दिसू लागला, कागदावरचे शब्द मोठ्याने वाचणारा, आणि भोवती बसलेले लोक, आणि पदर डोक्यावर ओढून उभी असलेली लिलाबाई, नानांनी तिचा अंगठा धरून शाईत दाबलेला. शब्द बदलून मिळेल. पुढच्या पंधरा ऑगस्टला खुर्ची मिळेल. आणि गाव म्हणेल, बघा, फौजीला त्याच्या बायकोनेच बुडवलं. त्याचे पाय मंद झाले. रागही धड येत नव्हता. येत होतं ते एकटेपण, आणि तेही आजचं नव्हे, त्या उंबऱ्यापासूनचं, फक्त त्याला ते आज दिसलं होतं.

घरात चूल पेटलेली होती. मुलगा सुरतेला कारखान्यात, त्यामुळे दोघांपुरतंच पीठ परातीत. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि रोजच्या खिळ्याला अडकवली. पाणी दिलं. सकाळी निघताना तिने विचारलं होतं, आजच जानं शे का, आणि तो तिच्यावर खेकसला होता. आता तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावर टाकली आणि मगच विचारलं.

“काय सांगं तेस्नी?”

“फाइल उनी व्हती.”

तिचा हात परातीत थांबला. पाठ त्याच्याकडेच होती.

“बठ्ठा कागद दखात का तेस्नी?” सगळे कागद बघितले का, असं ती विचारत होती.

तो तिच्या अंगठ्याकडे बघत होता. पिठाने पांढरा झालेला, टोकाला तव्याचा चटका बसून काळा डाग पडलेला.

“दखात,” तो म्हणाला. “कामनं काहीच नही व्हतं.”

बोलून गेल्यावर त्याला आपलेच शब्द ऐकू आले. आवाज हलला नव्हता. इतकं सोपं असतं हे, त्याला वाटलं, दोरा तोडावा इतकं... आणि तिला ते ओळखू आले की नाही, हे कळायला मार्ग नव्हता, कारण ती वळली नाही. फक्त तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि घरभर करपल्याचा वास पसरला. ती करपलेली भाकरी तिने आपल्या ताटात टाकली, त्याला दुसरी थापली.

“जेवी ल्या,” ती म्हणाली.

तो जेवायला बसला. न आलेल्या पत्राचं बोलणं आज त्याने काढलं नाही, आणि ते नसल्यामुळे घरात इतकी शांतता झाली की चुलीतलं लाकूड फुटल्याचंही ऐकू येत होतं. पहिला घास घ्यायला तो वाकला तेव्हा आतल्या खिशातला कागद कुरकुरला. तो थबकला. तिने ऐकलं का? पुन्हा वाकला, पुन्हा तो आवाज. अकरा वर्षं तीही अशीच त्याच्यासमोर बसत आली असेल, काहीतरी छातीशी धरून, आणि तेही असंच वाजत असेल, आणि तो इतक्या मोठ्याने बोलत होता की त्याला ते कधी ऐकूच आलं नाही. सोमवारला अजून चार दिवस होते. त्याने पाठ ताठ केली, ताट उचलून जवळ घेतलं, आणि कागद वाजू नये म्हणून न वाकता हळूहळू जेवू लागला.