मागच्या सीटवरचे सासरे

खुर्च्यांच्या कारखान्यात रंगारीमामांना दोन गोष्टींचा मान होता. एक त्यांच्या हातच्या रेघेचा. खुर्चीच्या पाठीवर ते ब्रशनं बारीक सोनेरी रेघ ओढत, ती अशी की पट्टी लावून पाहिली तरी खोट निघू नये. दुसरा मान सायकल स्टँडवरचा. निम्म्याहून जास्त माणसं कामाला सायकलनं येत, आणि कोण किती लांबून येतं यावर रोज सकाळी स्टँडवर फड रंगे. सुतार कालव्यापलीकडून यायचा, त्याचे अकरा किलोमीटर. वेल्डिंगवाल्या बाईंचे नऊ, पण आपल्या वाटेला चढ फार म्हणून त्या दहा धरायला लावत. मामांचे चौदा. चौदा म्हटलं की बाकीचे गप्प. निवाडा करायला वॉचमन होता. तो गेटच्या आतल्या खोलीतच राहायचा, त्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका नव्हती.

जावयाबद्दल मात्र मामांना काडीचा अभिमान नव्हता. जावई त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळत. राहायला मामांच्या शेजारच्याच गल्लीत. आणि कामाला येत ते बसनं! चांगला उंचापुरा, धट्टाकट्टा माणूस, खिडकीशी बसून डुलक्या काढत येतो म्हणजे काय? त्यात बोलायचं नाव नाही. जेवायला आले की "वाढू का?" "चालेल." "आणखी?" "पुरे." पानावरून उठेपर्यंत तेवढ्या दोन शब्दांत भागायचं.

"हा माणूस आपल्या पोरीशी तरी बोलतो का गं?" मामा बायकोला विचारत.

"बोलत असतील की," मामी म्हणत. "तुम्ही मध्ये श्वास घेतलात तर आपल्यालाही ऐकू येईल."

असं सगळं सुखात चाललेलं असताना एका सकाळी मामांनी रस्त्याकडेची सावली समजून उभ्या हातगाडीला धडक दिली. गाडीवर फुलझाडांच्या कुंड्या होत्या. कोपर सोललं, गुडघा सुजला आणि मामा मातीत न्हाऊन घरी आले. गेले काही महिने पांढरा रंग त्यांना साईसारखा पिवळट दिसत होता, आणि ते रंगाच्या कंपनीला शिव्या घालत होते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कंपनीला निर्दोष ठरवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आधी रक्तातली साखर खाली आणायची, मग एक डोळा, मग दुसरा. तोवर सायकल बंद.

"बसनं जा," मामी म्हणाल्या.

मामांनी डबा खाली ठेवला. "त्यापेक्षा मी घरी बसेन."

हे ऐकून मामींचाच धीर सुटला आणि त्यांनी मुलीला फोन केला. मुलगी बापाच्याच वळणाची, हातावर हात धरून बसणारी नव्हे. तलावाकाठी हौशी लोकांना भाड्यानं सायकली देणारं एक दुकान बंद पडत होतं. तिथून ती दुसऱ्याच दिवशी एक लांबलचक सायकल ढकलत घेऊन आली. दोन सीट, दोन हँडलं, पायडलच्या दोन जोड्या.

"पुढे हे, मागे तुम्ही," ती म्हणाली. "मागचं हँडल नुसतं धरायला आहे बाबा, वळवायला जाऊ नका."

"आणि जावई काय म्हणाले?"

"चालेल म्हणाले."

पहिल्या सकाळी मामा सायकलभोवती हात फिरवत हिंडले. "रंग पिवळा दिसतोय. आणि दांडीवर हे लाल लाल काय काढलंय, दोन?"

जावयांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं आभाळाकडे पाहिलं.

"सफरचंदं," जावई म्हणाले.

"सायकलवर सफरचंदं? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" असं म्हणत मामा मागे बसले.

स्टँडवर त्या दिवशी जो हशा उसळला, तो मामांच्या मते किलोमीटरच्या वादामुळे होता. कारण प्रश्न खरंच बिकट होता. हे चौदा आता धरायचे कुणाच्या नावावर? सुतार म्हणाला, सात-सात वाटून द्या, म्हणजे मी पहिला. वेल्डिंगवाल्या बाई म्हणाल्या, मागे बसतो तो माल, मालाचे किलोमीटर नसतात. वॉचमननं पूर्ण कप चहा संपवला आणि निकाल दिला. "चौदा किलोमीटर सायकल आली. तेव्हा चौदा सायकलचे." मामा दिवसभर धुसफुसत खुर्च्या घासत बसले. घासकाम हातानं चाचपून होतं, म्हणून सध्या त्यांना तेच दिलं होतं.

पण खरा छळ रस्त्यात होता. मामांना समोर दिसायचा तो नुसता राखाडी शर्टाचा ढग. ढग बोलत नसे. चढावर तेवढा धापा टाकत असे. चार-पाच दिवस मामांनी कळ काढली, आणि मग कालव्याच्या पुलावर त्यांचा बांध फुटला.

"अहो, काहीतरी बोला हो! गोणीत घालून नेल्यासारखा बसलोय मी मागे. ज्या रस्त्यानं जन्मभर आलो तो दिसत नाही मला. निदान काय दिसतंय ते तरी सांगा!"

मग पुढून आवाज आला, "डाव्या हाताला एक घर आहे. दार निळं आहे."

"निळं म्हणजे? निळे काय एक असतात? आकाशी, मोरपंखी, कुठला?"

जावई विचारात पडले. रंगांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. "म्हणजे बघा, शाईचा पेन धुतला की पहिल्या पाण्याला येतो ना, तसा."

तो निळा मामांना दिसला. अगदी लख्ख दिसला.

तिथून जावयांची जीभ सुटली. समोर कुणाचं तोंड नव्हतं, कुणी आपल्याकडे बघत नव्हतं, बोलायचं ते रस्त्याला उद्देशून. त्यामुळे असेल, पण घरी दोन शब्दांवर भागवणारा हा माणूस सायकलवर बसला की बोलू लागे. शाळेच्या भिंतीवर झोपलेलं मांजर, त्याच्या शेजारी झोपलेलं दुसरं मांजर आणि त्यांच्यातलं भांडण. दवाखान्याच्या पायरीवर एका पायात एक आणि दुसऱ्या पायात भलताच बूट घालून उभा राहिलेला माणूस. आणि एके दिवशी, गोदामांची रांग संपते तिथे, ते म्हणाले,

"समोरच्या तिसऱ्या मजल्यावर, गच्चीत, एक म्हातारा होडी बांधतोय."

"गच्चीत? पाणी कुठाय तिथे?"

"तेच त्याची बायको विचारतेय वाटतं. हातवारे चाललेत."

त्या दिवसापासून मामा गोदामं आली की सावरून बसत. "कुठवर आली?" आज फळ्या चढल्या. आज म्हाताऱ्याच्या अंगठ्यावर हातोडी पडली. आज बायको हातवारे करायचं सोडून शिडी धरून उभी आहे. मामांना रात्री अंथरुणावर काळजी वाटे. "लाकूड नीट वाळल्याशिवाय तो रंग लावणार बघ," ते मामींना सांगत. "पोपडे धरतील. कुणीतरी सांगायला हवं त्याला."

"तुम्हीच जाऊन सांगा," मामी कूस बदलत म्हणत. "अंगठ्याला मलमही घेऊन जा."

यथावकाश साखर खाली आली. एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा झाला. तेवढे दिवस मामा रजा काढून, गडद काळा चष्मा लावून घरीच होते. शेवटच्या तपासणीला मामी बाहेर बाकावर बसल्या होत्या. आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उत्तम! आता सायकल खुशाल चालवा." मामांना तिथेच नाचावंसं वाटलं. ही बातमी आधी मुलीला द्यायची म्हणून मामींना घरी धाडून ते परस्पर तिच्या अंगणात शिरले.

अंगणात दोन सीटची सायकल उभी होती. तिच्या दांडीवर दोन टपोरी लाल बदामं होती, प्रेमपत्रावर काढतात तसली, एकमेकांना चिकटलेली. आणि दोन्हींमधून एक बाण आरपार गेला होता.

मामांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. इतके महिने! जावयाबरोबर, भर बाजारातून, या बदामांवर बसून! स्टँडवरचा हशा त्यांना आत्ता कळला. तेवढ्यात मुलगी बाहेर आली. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

मामांनी डोळे बारीक केले. "अजून धुरकटच दिसतं. थोडे दिवस जातील म्हणाल्या." सफरचंदांसारखं आणखी काय काय खपवलंय ते बघून बदमाशाला रस्त्यात रंगेहाथ पकडायचं त्यांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा मागे बसले ते डोळ्यांत तेल घालून. कालव्याचा पूल आला. शाईच्या पाण्याचं दार तपकिरी होतं, तेही पार उडालेलं. शाळेच्या भिंतीवर एक मांजर खरं होतं, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. गोदामं संपली. तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत पाण्याची काळी टाकी होती आणि कपडे वाळत घालायची दोरी. होडी नव्हती, म्हातारा नव्हता, शिडीसुद्धा नव्हती.

"आज डोलकाठी उभी करतोय," पुढून जावई सांगू लागले. चढ लागला होता, धाप लागत होती, तरी सांगत होते. "एकट्याच्यानं पेलत नाहीये. बायकोनं पदर खोचलाय. ती म्हणतेय, मी होते म्हणून, नाहीतर तू काठीबरोबर खाली गेला असतास..."

मामांनी झापायला तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं. समोरचा राखाडी शर्ट पाठीवर घामानं भिजला होता. हा मुखदुर्बळ माणूस, ज्याला आकाशी आणि मोरपंखी कळत नाही, तो रोज सकाळी चढावर छाती फुटेस्तोवर पायडल मारता मारता हे सगळं रचत होता. कुणासाठी? मागे गोणीत बसलेल्या एका आंधळ्या म्हाताऱ्यासाठी.

मामांनी घसा साफ केला. "मग? सरळ बसली का काठी?"

पुढचे कित्येक दिवस मामा धुरकट बघत राहिले. घरी मात्र मामींना संशय यायला वेळ लागला नाही. मामांनी त्यांच्या हातातली सुई घेऊन एका झटक्यात दोरा ओवून दिला, तेव्हा त्या नुसतं म्हणाल्या, "दिसत नसताना बरी ओवलीत." पण नवरा संध्याकाळी शीळ घालत घरी येतोय, हे त्यांना फार दिवसांनी ऐकू येत होतं. त्यांनी विषय तिथेच सोडला.

मग एका सकाळी गोदामांपाशी जावई अडखळत म्हणाले, "मामा, होडी गेली."

"गेली?"

"काल उतरवली वाटतं. क्रेन आणून. गच्ची रिकामी आहे." मग ते म्हणाले, "तुम्हालाही आता लवकरच स्वच्छ दिसायला लागेल. म्हटलं, त्याआधी..." पुढचं त्यांनी गिळलं.

"अशी कशी गेली? रंगाचा दुसरा हात राहिलाय तिच्यावर अजून!"

"नाही हो मामा, खरंच गेली."

"काहीतरीच काय! ती काय, आहे की तिथेच," मामा तावातावानं म्हणाले. "टाकीच्या डावीकडे. दोरीवर तो लाल टॉवेल वाळतोय ना, त्याच्या मागे. पुढच्या टोकावर रेघ मारलीय म्हाताऱ्यानं, आणि वाकडी मारलीय. इथून दिसते मला!"

जावयांनी करकचून ब्रेक दाबला. मामा जावयाच्या पाठीवर आपटले. जावई पाय टेकून गच्चीकडे बघत राहिले. टाकी, दोरी, लाल टॉवेल.

"मामा," ते मागे न वळता म्हणाले, "टॉवेल लाल आहे, हे तुम्हाला..."

"दिसतंय."

"कधीपासून?"

"कालव्याजवळचं दार तपकिरी आहे ना, तेव्हापासून," मामा म्हणाले. "आणि जावईबापू, सफरचंदांतून बाण जात नसतो."

जावयांची मान मागून शेंदरासारखी लाल झाली. आधी मामांनाच हसू फुटलं. मग पुढचे खांदे हलायला लागले, आणि मामांनी जावयाचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. मोठं, खळखळून, जरासं घोगरं. दोघं रस्त्याच्या मधोमध उभे होते. मागून दुधाची गाडी हॉर्न वाजवून वाजवून थकली आणि शेवटी वळसा घालून गेली.

साहजिकच उशीर झाला. गेटमध्ये सुपरवायझर हातातल्या घड्याळावर बोट ठेवून उभे होते. "मामा, तुम्ही? आजवर कधी उशिरा आला नाहीत. काय झालं?"

मामा काही बोलणार एवढ्यात जावई पुढे झाले. सुपरवायझरसमोर "हो साहेब"च्या पलीकडे न गेलेला हा माणूस गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "साहेब, वाटेत एक होडी रस्ता ओलांडत होती. थांबावं लागलं."

स्टँडवरचा सुतार जागीच वळला. वेल्डिंगवाल्या बाई कुलूप लावता लावता थांबल्या.

"होडी?" सुपरवायझर म्हणाले.

"क्रेनवर होती. मागून एक म्हातारा चालला होता, पुढून त्याची बायको वाट मोकळी करत होती. तिला घाई होती, साहेब. पाऊण आयुष्य तिनं पाण्याशिवाय काढलं होतं."

सुपरवायझरांनी मामांकडे पाहिलं. मामांनी छातीवर हात ठेवला. "मी स्वतः पाहिली. माझ्या डोळ्यांनी."

सुपरवायझरांचं घड्याळावरचं बोट हळूहळू खाली आलं. "मग? वळणावरून नीट गेली का होडी?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी रीतसर मामा पुढच्या सीटवर बसले. हँडल हातात आल्यावर त्यांना बरं वाटलं. पण खड्डे चुकवायचे, रिक्षावाल्यांकडे लक्ष द्यायचं, सिग्नल बघायचा, वळणावर घंटी मारायची. शाळा कधी मागे पडली ते कळलं नाही. मागून जावई काहीतरी बोलत होते, ते सगळं वाऱ्यावर उडून जात होतं. कालव्याच्या पुलावर मामांनी सायकल कडेला घेतली.

"तुम्हीच या पुढे," ते उतरत म्हणाले. "इथून मला काही म्हणजे काही दिसत नाही."

दोघांनी जागा बदलल्या. मामा मागे ऐसपैस बसले, त्यांनी पायडलवर पाय ठेवले आणि चढासाठी जोर लावला.