तामचिनीचा पेला

ओतूरला नवं घर बांधून झालं, तेव्हा हर्षालीनं ठरवलं की शोभेची एकही वस्तू दुकानातून आणायची नाही. जुन्या घराच्या माळ्यावरून आणि गोठ्यातून तिनं पोतंभर सामान काढलं. जात्याच्या तळीवर काच टाकून टीपॉय केला. धान्य मापायच्या पायलीत छत्र्या उभ्या राहिल्या. पितळी चाळणी उलटी टांगून आत बल्ब सोडला, तर भिंतभर उजेडाचे ठिपके पडू लागले. कॉलेजातल्या बाया घर बघायला येत आणि फोटो काढून नेत.

गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात तिला एक तामचिनीचा पेला सापडला होता. पांढरा, निळ्या काठाचा, टवके उडालेला. बाकीची भांडी माळ्यावर आणि हा एकटाच गोठ्यात कसा, असं तिनं सासऱ्यांना विचारलंही होतं. चांगदेव पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "गड्यामाणसांचा असंल."

हर्षालीनं पुढं विचारलं नाही. पेला घासूनपुसून त्यात मनीप्लांट लावला, दाराशेजारी टांगला आणि 'आमच्या घराचा वारसा' असं लिहून त्याचा फोटो मोबाईलवर टाकला.

वास्तुशांतीला जमलं नाही म्हणून पुढच्या रविवारी कल्याणी आली, वडिलांना घेऊन. दोघी एकाच कॉलेजात. कल्याणी मराठी शिकवायची, हर्षाली इतिहास. वडील भागुजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, गळ्यापर्यंत गुंड्या लावणारे, मोजकं बोलणारे.

ते दारातच थांबले. "ह्यो गोठ्यातला ना?"

हर्षालीला कौतुक वाटलं. "काका, तुम्ही कसा ओळखलात?"

"कोनाड्यात पालथा असायचा." भागुजींनी चपला काढल्या होत्या, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. "माझी आई तुमच्या कांद्यात खुरपायला यायची. मी संगं असायचो. तहान लागली की ह्यो घ्यायचा आन् खाली बसायचं. वरनं पाणी वतायचे. पिऊन झालं की इसळून परत तिथंच. घरातल्या भांड्याला आमचा हात लागू द्यायचे न्हाईत."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. चांगदेव आतून बाहेर आले होते. "भागुजी, आता कशाला ते. तवा सगळीकडं तसंच व्हतं."

"व्हतं की. मी कुठं न्हाई म्हणतोय."

कल्याणी वडिलांकडं बघत होती. "बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं त्यात," भागुजी म्हणाले आणि चोरी पकडली गेल्यासारखी त्यांनी लेकीसमोर मान खाली घातली. ती मान बघून हर्षालीची कानशिलं तापली. चोरी कुणाची होती आणि मान कुणाची खाली गेली होती.

बापलेक आत आले, चहा घेतला, घर छान झालंय म्हणाले आणि गेले.

हर्षालीनं त्याच दुपारी पेला उतरवला. दरवर्षी ती वर्गात महाडच्या तळ्याचा सत्याग्रह शिकवायची, तास झाल्यावर पोरं गप्प बसून राहायची. 'गड्यामाणसांचा' हा शब्द ऐकला तेव्हाच तिला कळलं होतं. कळलं होतं, पण निळा काठ भिंतीला शोभेल म्हणून तिनं ते कळणं बाजूला सारलं होतं.

"आबा, चूक झाली एवढं तरी म्हणायचं त्यांना," ती सासऱ्यांना म्हणाली.

"माझ्या आईनं ठेवलेला पेला. आईविरुद्ध काय बोलू मी?" चांगदेव म्हणाले आणि टोपी घालून बाहेर निघून गेले.

तीन दिवसांनी ती भागुजींच्या घरी गेली. पेला कागदात गुंडाळून पिशवीत घेतला होता. तो त्यांच्या हवाली करायचा, असं तिच्या मनात होतं. फाटकाशी पोचल्यावर लक्षात आलं, आपण तो पुन्हा त्यांच्याच हातात द्यायला निघालोय. ती मागं फिरली आणि पिशवी स्कूटीच्या डिकीत टाकून आली.

"काका," बसल्याबसल्याच ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं, असं सांगणार होते. पण ते खरं नाही. मला कळलं होतं. तरी मी तो दाराला लावला."

भागुजींनी नजर खिडकीबाहेर वळवली. "मला पेल्याचं एवढं न्हाई. पर पोरीला ठावं नव्हतं. तिच्या डोळ्यांत मी आपला कंडक्टर व्हतो. आता ती माझ्याकडं बघती, तवा तिला त्यो खाली बसलेला पोरगा दिसतो."

हर्षाली माफी मागायला आली होती, पण तो शब्दही आता तिला फार सोपा वाटू लागला. कल्याणीनं चहा आणून ठेवला. तिघांनी तो घेतला.

फाटकापर्यंत कल्याणी सोडायला आली. "आलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण इतक्यात मी तुझ्या घरी येणार नाही."

हर्षालीनं मान हलवली. डिकीत पेला तसाच ठेवून तिनं गाडी चालू केली, तेव्हा कल्याणी तिथंच उभी होती.